बुडालेल्या बोटीची माणसे

आमचे वेळापूर समुद्रापासून पुष्कळ आत, सह्याद्रीच्या अलीकडच्या अंगाला आहे. माळशिरस तालुक्यातले हे गाव लोकांना दोन कारणांनी ठाऊक असते. एक म्हणजे अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन देऊळ आणि दुसरे म्हणजे ज्ञानोबा माउलींच्या पालखीचा मुक्काम. नीरेच्या उजव्या कालव्याने तालुक्यात पाणी आले, ऊस आला; पण इथल्या माणसाच्या बोलण्यात खारे पाणी क्वचितच येते. अशा गावात बसून मी समुद्रातल्या युद्धाविषयी लिहितो आहे, याचे काही वाचकांना नवल वाटेल.

त्याचे कारण सांगतो. वीरगळांचा अभ्यास हा माझा जुना नाद. आमच्या भागातल्या जुन्या देवळांच्या आवारात, वेशीजवळ, कधी एखाद्या शेताच्या बांधावर हे दगड उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरांबरोबर स्वर्गाला निघालेला वीर, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि अगदी वर चंद्रसूर्य. गावाने आपल्या मेलेल्या माणसाची आठवण कशी ठेवली, हे त्या दगडावरून कळते. हे दगड पाहताना एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. रणात पडलेल्याचे प्रेत निदान सापडते, गावात त्याचा दगड उभा राहतो. पण बोटीबरोबर जो बुडाला त्याचे काय? त्याला ना चिता, ना थडगे, ना पडला ती जागा. त्याची आठवण घरच्यांनी कशाच्या आधाराने ठेवायची?

हा प्रश्न घेऊन मी काही वर्षे हिंडलो. दीवला गेलो, बोरिवलीला गेलो, ज्यांचा माणूस नौदलात होता अशा काही घरांत बसलो. त्यातून हाती आले ते इथे मांडतो. मुख्य आधार एकाच बोटीचा आहे : आयएनएस खुकरी.

९ डिसेंबर १९७१ची रात्र

खुकरी ही पाणबुडीविरोधी फ्रिगेट. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरील काउझ येथे जे. सॅम्युएल व्हाइट यांच्या गोदीत ती बांधली गेली आणि १९५८ साली भारतीय नौदलात दाखल झाली. कृपाण आणि कुठार या तिच्या दोन बहिणी. तिघी मिळून पश्चिम ताफ्यातले चौदावे फ्रिगेट पथक. पथकाचे प्रमुख आणि खुकरीचे कप्तान होते महेंद्रनाथ मुल्ला, गोरखपूरचे.

युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला. त्याच सुमारास पाकिस्तानची हंगोर ही पाणबुडी गुजरातच्या किनाऱ्याबाहेर फिरत होती. फ्रान्समध्ये बांधलेली, डाफ्ने वर्गातली, त्या काळच्या मानाने अद्ययावत. कप्तान होते कमांडर अहमद तस्नीम. तिने पाठवलेले रेडिओ संदेश आपल्या यंत्रणेला लागले आणि दीवच्या नैर्ऋत्येला पाणबुडी असल्याचा अंदाज बांधला गेला. तिला शोधून बुडवण्यासाठी पथक धाडायचे ठरले. कुठारच्या बॉयलर खोलीत काही दिवस आधीच स्फोट झाला होता, त्यामुळे ती नव्हती. ८ डिसेंबरला मुंबईहून निघाल्या त्या खुकरी आणि कृपाण या दोघीच.

इथे थोडा तांत्रिक भाग समजून घ्यावा लागतो, कारण पुढचे सारे वाद त्यावर उभे आहेत. पाणबुडी शोधायची ती ध्वनीने. बोट पाण्यात ध्वनी सोडते आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकते, हेच सोनार. आपल्या उष्ण समुद्रात वरचे पाणी तापलेले आणि खालचे थंड असते. या थरांमुळे ध्वनीची वाट वाकते आणि वरच्या बोटीला खालचे नीट ऐकू येत नाही. पाणबुडी मात्र गप्प राहून वरच्या बोटींच्या पंख्यांचा आवाज दुरून टिपू शकते. शिकारी आणि सावज यांच्यातला पहिला फायदा त्या रात्री पाणबुडीकडे होता. आपल्या सोनारचा पल्ला कमी पडतो हे नौदलाला माहीत होते. लेफ्टनंट जैन या तरुण अधिकाऱ्याने तो वाढवण्यासाठी एक जोडयंत्र तयार केले होते आणि त्याची चाचणी खुकरीवर चालू होती. त्यासाठी बोटीचा वेग कमी ठेवावा लागत होता.

रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, हंगोरने पहिला टॉर्पेडो कृपाणवर सोडला. तो खालून गेला, फुटला नाही. दुसरा खुकरीवर सोडला. तो दारूगोळ्याच्या कोठाराखाली फुटला. मार्गशीर्ष वद्य पक्ष. अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवायचा होता, म्हणजे मिट्ट काळोख. बोट काही मिनिटांतच बुडाली. जे त्या वेळी खालच्या मजल्यांवर होते त्यांना वर येण्याइतकाही अवधी मिळाला नाही. हंगोरने तिसरा टॉर्पेडो कृपाणवर सोडला आणि ती तिथून दूर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कृपाण आणि कच्छल या नौकांनी पाण्यातून माणसे उचलली : ६ अधिकारी आणि ६१ खलाशी. बोटीबरोबर गेले ते १८ अधिकारी आणि १७६ खलाशी. एकूण १९४.

स्वतंत्र भारताने युद्धात गमावलेली ही पहिली आणि आजवरची एकमेव युद्धनौका. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेली जगातलीही ती पहिलीच.

कप्तान मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट एका खलाशाला दिले आणि ते बोट सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले, २००० साली त्यांच्या नावे टपाल तिकीट निघाले. ही गोष्ट शाळकरी मुलांनाही माहीत असते. मला शोध होता तो उरलेल्या १९३ जणांच्या घरांचा.

पत्ता, तार आणि तिथी

बोटीवरच्या माणसाला पत्र घालायचे तर पत्ता ठरलेला असे : नाव, हुद्दा, क्रमांक, बोटीचे नाव आणि मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. गाव नाही, गल्ली नाही. बोट कुठे आहे हे घरच्यांना कधीच कळत नसे, कळू द्यायचेही नसे. त्यामुळे आतल्या मुलखातल्या कुटुंबाला समुद्र म्हणजे ते एकच नाव. ज्या आईने जन्मात समुद्र पाहिला नाही तिला ‘खुकरी’ हा शब्द लिहिता येत होता, कारण आंतर्देशीय पत्रावर तो लिहावाच लागे. बोट बुडाली तेव्हा त्या घरांच्या लेखी माणसाचा पत्ताच पुसला गेला.

आधी आकाशवाणीवरची बातमी, मग तार. पायदळातल्या जवानाच्या घरी येणारी तार आणि बुडालेल्या बोटीवरच्या खलाशाच्या घरी येणारी तार यांत एक फरक असतो. ‘कामी आला’ आणि ‘बेपत्ता, मृत समजण्यात येत आहे’ यांतला तो फरक. सरकारी भाषेत तो काही शब्दांचा आहे. घरात त्याची वर्षे होतात. सदुसष्ट माणसे वाचली, हे कळल्यावर ‘अडुसष्टावा आपला का नसेल’ असे वाटणारच. कोणी म्हणायचे, पाकिस्तानी बोटीने काहींना उचलून नेले असेल. कोणी म्हणायचे, मच्छीमारांच्या होडीने कुठल्या तरी बेटावर सोडले असेल. युद्धकैदी परत आले त्या दिवसांत ही आशा पुन्हा पेटली आणि पुन्हा विझली.

एका घरी वृद्ध भावाने मला पत्र्याची ट्रंक उघडून दाखवली. आत दोन पांढरे सदरे, एक पितळी बिल्ला, बोटीच्या डेकवर काढलेला समूहाचा फोटो आणि आंतर्देशीय पत्रांची चळत. फोटोतल्या शेजारच्या माणसांची नावे भावाला सांगता येईनात. ‘हे सगळे गेले का यातले काही वाचले, तेही आम्हाला माहीत नाही,’ ते म्हणाले. नौदलाकडून कागद आले, निवृत्तिवेतन सुरू झाले. पण त्या फोटोतल्या दुसऱ्या एकाही घराशी या घराची कधी भेट झालेली नव्हती. १९४ घरे एकाच रात्री एकाच कारणाने उजाड झाली आणि प्रत्येक घर आपापल्या गावात एकटेच राहिले. पलटणीचे तसे नसते. पलटणीत एका भागातली माणसे असतात, एका गावात तीनतीन घरे असतात. बोटीवर केरळचा, पंजाबचा, कोकणचा, बंगालचा असे सगळे शेजारी शेजारी झोपतात. जगण्यातली ही मोठी गोष्ट मरणानंतर मात्र घरच्यांना अडचणीची ठरते.

मग क्रियाकर्माचा प्रश्न. आपल्याकडे देह सापडला नाही तर पालाशविधी करतात. पळसाच्या पानांची किंवा दर्भाची मानवाकृती करून तिला अग्नी देतात आणि पुढचे विधी करतात. मुसलमान घरांत गायबाना जनाजाची नमाज पढली जाते, ख्रिस्ती घरांत चर्चमध्ये मिस्सा होते. पण पालाशविधी करायचा म्हणजे माणूस मेला हे घरच्यांनी आधी मान्य करायचे. धर्मशास्त्राने हरवलेल्याची बारा वर्षे वाट पाहायला सांगितले, पुराव्याच्या कायद्याने सात वर्षांची मर्यादा घातली. लष्कराचा दाखला या दोहोंच्या आधी येतो. आईचे मन या तिन्हींनंतरही येत नाही. दाखला घेतला, निवृत्तिवेतन घेतले, पण सवाष्णीचे कुंकू वर्षानुवर्षे तसेच राहिले, असे किस्से नौदलातल्या कुटुंबांत ऐकायला मिळतात. त्यावर बाहेरच्याने काही बोलू नये.

तिथीचेही असेच. घरातल्या इतर पितरांची श्राद्धे तिथीने होतात. पण सरकारी कागदावर तारीख असते, आणि ती तारीखच या घरांत रूढ झाली. काही घरे भाद्रपद वद्य चतुर्दशी पाळतात. पितृपक्षातला हा दिवस शस्त्राने मृत्यू आलेल्यांच्या श्राद्धाचा, पंचांगातही तसा छापलेला असतो. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांनी हा दिवस राखून ठेवला त्यांना टॉर्पेडो माहीत नव्हता; पण घराबाहेर, अकाली, हत्याराने मरण आलेल्या माणसांसाठी वेगळी जागा ठेवावी लागते, हे त्यांना पक्के माहीत होते.

एकसरचे दगड

समुद्रात मेलेल्यांसाठी आपल्याकडे वेगळी जागा होती का? होती, आणि ती मुंबईतच आहे. बोरिवलीजवळच्या एकसर गावात सहा वीरगळ आहेत. बॉम्बे गॅझेटिअरच्या ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या खंडात त्यांचे तपशीलवार वर्णन आले आहे. त्यांतल्या काहींवर खालच्या चौकटींत चक्क गलबते आहेत. शीड उभारलेली, वल्ह्यांच्या रांगा असलेली, वर हत्यारबंद माणसे, काही पाण्यात पडलेली. वरच्या चौकटींत तेच वीर विमानातून कैलासाला जाताना दिसतात. महाराष्ट्रात समुद्रावरची लढाई कोरलेले वीरगळ अगदी विरळा, म्हणून या दगडांचे मोल मोठे.

ही लढाई कोणती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. काहींनी ती भोज परमाराच्या कोकणच्या स्वारीशी, म्हणजे अकराव्या शतकाशी जोडली. दुसरे मत असे, की ही १२६५च्या आसपासची, देवगिरीचा महादेव यादव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातली लढाई. सोमेश्वर समुद्रात बुडून मेला, असा उल्लेख हेमाद्रीच्या ग्रंथातल्या राजप्रशस्तीत आहे. मला हे दुसरे मत ओढून घेते, याला थोडे स्थानिक कारणही आहे. आमच्या वेळापूरचे देऊळ त्याच यादवांच्या काळातले. म्हणजे घाटावरच्या राजाचे सैन्य त्या काळी गलबतांवर चढून लढले असेल, तर त्यात आमच्यासारख्या कोरड्या मुलखातली माणसेही असणार. समुद्र आपला नाही, असे घाटावरच्याने म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

एकसरच्या दगडांनी माझ्या प्रश्नाचे एक उत्तर दिले. प्रेत मिळाले नाही तरी दगड उभा राहू शकतो, आणि लढाईची जागा पाण्यात असली तर दगडावर पाणी कोरता येते. पण त्यांनी एक दुखणेही दाखवले. कोणत्या वीरासाठी हे उभारले, हे आज त्यांवरून ठरवता येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांची हीच गत. ते उभारणाऱ्यांना नाव लिहायची गरज वाटली नसावी. घरचे, गावचे लोक होते ना सांगायला! ती माणसे संपली आणि दगड मुका झाला.

आकडा

त्यानंतर सातशे वर्षांनी दुसरी रीत आली. पहिले महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने ज्या गावांतून जास्त माणसे गेली तिथे संगमरवरी किंवा साध्या दगडी पाट्या लावल्या. सातारा, रत्नागिरी आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत त्या आजही दिसतात. या गावातून अमुक माणसे महायुद्धाला गेली, त्यांपैकी अमुक कामी आली, एवढाच मजकूर. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावची पाटी ४६ जण कामी आल्याचे सांगते. कोण ते ४६, हे पाटीवर नाही. वीरगळावर चित्र होते, नाव नव्हते. पाटीवर आकडा आला, तरी नाव नव्हतेच.

समुद्रात गेलेल्यांच्या बाबतीत मात्र इंग्रजांना नावे लिहावी लागली, कारण त्यांना दुसरे काही लिहिण्याजोगे नव्हतेच. मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात मेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची स्मृती जपली आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी मुंबई आणि चितगाव येथे नामावलीचे ग्रंथ ठेवले गेले. त्यांत नौदलाचे चारशेहून अधिक आणि व्यापारी जहाजांवरचे सुमारे सहा हजार खलाशी आहेत. हे प्रमाण पाहा. लढाऊ बोटींपेक्षा कितीतरी जास्त माणसे माल वाहणाऱ्या बोटींवर, भट्टीत कोळसा टाकताना मेली. त्यांत कोकणातली किती घरे असतील! मुंबईत राहणाऱ्या कितीजणांनी ते ठिकाण पाहिले आहे, हा प्रश्न मी जिथे जातो तिथे विचारतो. अजून माझ्या दोन्ही हातांची बोटे भरलेली नाहीत.

घरच्यांनी मनावर घेतले तर काय होते, याचेही उदाहरण मुंबईतच आहे. २० नोव्हेंबर १९४२ रोजी तिलावा हे प्रवासी जहाज मुंबईहून आफ्रिकेला निघाले. २३ नोव्हेंबरला जपानी पाणबुडीने ते बुडवले. ९५८ पैकी २८० माणसे गेली. जहाज इंग्रजांचे, प्रवासी हिंदी, बुडवणारे जपानी. कोणत्याच देशाच्या इतिहासाला ते आपले वाटले नाही. पण वाचलेल्यांच्या आणि गेलेल्यांच्या नातवंडांनी जगभरातून एकमेकांना शोधले आणि बरोबर ८० वर्षांनी, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, मुंबईत स्मरणाचा कार्यक्रम केला. सरकारने पुसून टाकले असे नव्हे, कोणी लिहिलेच नव्हते. लिहिले ते घरच्यांनी.

बाहेरच्या देशांत

इतर देश काय करतात? इंग्लंडची हूड ही प्रचंड युद्धनौका २४ मे १९४१ रोजी बिस्मार्क या जर्मन नौकेने बुडवली. १४१८ पैकी तीन माणसे वाचली. त्यांच्या कुटुंबीयांची आणि जुन्या खलाशांची संघटना आहे. तिने एकेका माणसाची माहिती, फोटो जमवून ठेवले. २०१५ साली समुद्राच्या तळातून हूडची घंटा वर काढली आणि पुढच्या वर्षी पोर्ट्समथला ती वाजली. स्कॉटलंडच्या स्कापा फ्लो या खाडीत रॉयल ओक ही नौका १९३९ साली बुडाली. तिथे दरवर्षी नौदलाचे पाणबुडे खाली उतरून तिच्यावरचे निशाण बदलतात. अमेरिकेची ॲरिझोना पर्ल हार्बरला ११७७ माणसे घेऊन बुडाली. तिच्यावरून वाचलेल्यांपैकी चाळीसहून अधिक जणांनी म्हातारपणी मरताना आपली रक्षा त्याच बोटीत, आपल्या सोबत्यांजवळ ठेवायला सांगितली.

या देशांकडे पैसा आहे, उथळ पाण्यातली बोट आहे, हे खरे. पण निर्णायक गोष्ट पैसा नाही. तिथे प्रत्येक बुडालेल्या बोटीमागे घरांचे एक मंडळ आहे. एकाच्या ट्रंकेतला फोटो दुसऱ्याच्या घरातल्या नावाला जाऊन मिळतो. आमच्या त्या वृद्ध भावाला जे मिळाले नाही ते हेच.

आणि शत्रूकडची घरे? त्याच युद्धात पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी विशाखापट्टणमबाहेर ९३ माणसांसह बुडाली. कराचीबाहेर खैबर ही त्यांची विनाशिका आपल्या क्षेपणास्त्रांनी बुडवली, दोनशेहून अधिक माणसे गेली. गाझीचा सांगाडा २०२४ साली आपल्या नौदलाने पुन्हा हुडकला आणि मेलेल्यांचा मान राखून त्याला हात लावला नाही. तिकडे कराचीच्या संग्रहालयात हंगोर ठेवली आहे आणि ९ डिसेंबर हा त्यांचा अभिमानाचा दिवस आहे. आपण ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा करतो. २०२३ साली तो मालवणला मोठ्या थाटात झाला. दोन्ही देशांत एकाचा उत्सवाचा दिवस दुसऱ्याच्या घरातला श्राद्धाचा आहे. हे कोणावर टीका म्हणून सांगत नाही. तारखांचा हिशेब असा आहे.

दीव, दिल्ली आणि एक न मिटलेला वाद

खुकरीचे स्मारक दीवला समुद्राकडे तोंड करून एका टेकाडावर आहे. काचेच्या आवरणात बोटीची प्रतिकृती. डिसेंबर १९९९ मध्ये, म्हणजे घटनेनंतर २८ वर्षांनी, नौदलाच्या पश्चिम कमांडच्या प्रमुखांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मधल्या काळात नौदलाने दुसऱ्या एका नौकेला खुकरी हेच नाव दिले. ती ३२ वर्षे सेवा करून २०२१ अखेर निवृत्त झाली आणि तीही दीवलाच देण्यात आली. बुडालेल्या बोटीचे नाव पुन्हा चालवणे ही नौदलाची जुनी रीत. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्यासारखीच. फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक झाले. तिथल्या त्यागचक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जणांची नावे दगडात कोरली आहेत. अधिकारी आणि खलाशी, एकाच मापाचा दगड, एकाच मापाचे अक्षर. तिथे संध्याकाळी नातेवाइकांच्या हस्ते पुष्पचक्र वाहिले जाते. ज्यांना थडगे नाही त्यांच्यासाठी बोट ठेवायला एवढी जागा झाली, हे थोडे नव्हे.

पण काही प्रश्न मिटलेले नाहीत. पाणबुडी जवळ असताना वेग कमी का ठेवला? जुन्या सोनारच्या दोनच बोटी का धाडल्या? कृपाण लगेच मागे का फिरली नाही? व्हाइस ॲडमिरल हिरानंदानी यांनी लिहिलेल्या नौदलाच्या इतिहासात या प्रसंगाची चर्चा आहे. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी वाचलेल्यांच्या आठवणी जमवून स्वतंत्र पुस्तक लिहिले. कृपाणपुरते उत्तर असे दिले जाते, की पाणबुडी तिथेच होती. थांबली असती तर दुसरी बोटही गेली असती. युद्धशास्त्राच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. पण पाण्यात रात्रभर तरंगत राहिलेल्यांना आणि ज्यांची माणसे सकाळपर्यंत तग धरू शकली नाहीत अशा घरांना ते पटवून देणे अवघड. मला वाटते, हे प्रश्न विचारल्याने कप्तान मुल्लांचा मोठेपणा कमी होत नाही. एखाद्याचे शौर्य निर्विवाद असू शकते आणि तरीही ज्या बेताखाली तो लढला तो सदोष असू शकतो. आपण कप्तानाची गोष्ट सांगून थांबतो, तेव्हा नकळत हे प्रश्नही बंद करून टाकतो.

चित्र, आकडा, नाव, आणि पुढे

आतापर्यंतचे सारे एकत्र मांडले तर असे दिसते. वीरगळावर चित्र राहिले, नाव गेले. गावच्या पाटीवर आकडा राहिला, नाव गेले. दिल्लीच्या भिंतीवर नाव आले. पण तो माणूस कसा होता, बोटीवर काय काम करायचा, त्याला नौदलात कोणी धाडले, त्याची शेवटची सुट्टी कधी झाली, हे नावात मावत नाही. ते फक्त घरात असते. आणि घरात ते आता फार थोडे दिवस आहे. १९७१ साली विशीत असलेल्या खलाशाची बायको, भाऊ, बहीण आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. आईवडील तर केव्हाच गेले. पुढच्या पिढीकडे ट्रंक येईल. पण फोटोतला कोण कोणता, हे सांगणारे कोणी असणार नाही. एकसरच्या दगडाला सातशे वर्षांत जे झाले ते ट्रंकेच्या बाबतीत दहा वर्षांत होईल.

यासाठी मोठे स्मारक लागत नाही. ज्या घरात असा माणूस होऊन गेला त्यांनी चार गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहावीत. शाईने लिहू नये, ती पुढे उमटते. पत्रांचे मोबाइलवर फोटो काढून दोन ठिकाणी ठेवावेत. मूळ पत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत, कागदात गुंडाळावीत. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला बोलते करून ते बोलणे ध्वनिमुद्रित करावे, आणि ते त्यांच्याच बोलीत राहू द्यावे. सेवा क्रमांक, हुद्दा आणि बोटीचे नाव एका कागदावर लिहून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि गावच्या शाळेत द्यावे. सेवा क्रमांक फार मोलाचा. एकाच नावाची दहा माणसे असतात, क्रमांक एकाचाच असतो.

गावासाठीही एक काम आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने एक वही करावी. गावातून फौजेत, नौदलात, व्यापारी बोटींवर कोण गेले, कोण परतले, कोण नाही. आमच्या तालुक्यात मी हे काम हाती घेतले आहे आणि ते एकट्याने होणारे नाही, हे पहिल्या चार गावांतच कळले. शाळेतली मुले बरोबर घेतली तेव्हा वेग आला. मुले न संकोचता विचारतात आणि म्हातारी माणसे त्यांना न संकोचता सांगतात.

खुकरीच्या १७६ खलाशांत यांत्रिक होते, तोफखान्यावरचे होते, तारायंत्रावरचे होते, स्वयंपाकी होते, भांडी घासणारे आणि बोट झाडणारेही होते. टॉर्पेडोने त्यांच्यात फरक केला नाही. भिंतीवरच्या अक्षरांनीही केला नाही. आठवण ठेवताना आपण तो करू नये, इतके तरी आपल्या हातात आहे.